भूमध्य समुद्रातली बेटं – ५ : सिराक्यूजची खाण

मागच्या आठवड्यात आपण क्रीटवर होतो. आज पश्चिमेकडे, भूमध्य समुद्रातल्या सर्वांत मोठ्या बेटावर जाऊ. सिसिली सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम बारावा हिस्सा. इटली आणि सिसिली यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी फक्त तीन किलोमीटर रुंद. दुसऱ्या बाजूला ट्युनिशियाचा किनारा दीडएकशे किलोमीटरवर. समुद्राच्या ऐन चिंचोळ्या जागी वसलेलं बेट, त्यात एटना ज्वालामुखीच्या राखेनं कसदार झालेली जमीन आणि भरघोस गहू. मग ग्रीक, कार्थेजवाले, रोमन, अरब, नॉर्मन असे सगळे आले. ही यादी शाळेत पाठ करायला ठीक. मला त्यापेक्षा सिराक्यूजची दगडाची खाण जास्त बोलकी वाटते.

इ.स.पू. ७३३च्या सुमारास कॉरिंथहून आलेल्या ग्रीकांनी सिराक्यूज वसवलं. शहर चुनखडीवरच उभं. घरांना, देवळांना, तटाला लागणारा दगड तिथूनच निघाला आणि मागे उंच कड्यांचे खोल खड्डे उरले.

इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सनं या शहरावर भलंमोठं आरमार धाडलं. दोन वर्षांत ते पार बुडालं. निकियास आणि देमोस्थेनिस या सेनापतींना ठार केलं गेलं (प्रसिद्ध वक्ता देमोस्थेनिस पुढच्या शतकातला, हा वेगळा). निदान सात हजार कैदी खाणीत कोंडले, असं इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. दिवसा डोक्यावर ऊन, रात्री गारठा, आसपास मेलेल्यांची प्रेतं. माणशी रोजचं पाणी सुमारे पाव लिटर, धान्य त्याच्या दुप्पट मापाचं. असं आठ महिने.

प्लुटार्क मात्र वेगळीच हकिगत नोंदवतो. सिसिलीतल्या लोकांना युरिपिडीसच्या नाटकांचं भारी वेड. त्याच्या ओळी म्हणून दाखवणाऱ्या काही अथेन्सकरांची म्हणे सुटका झाली. प्लुटार्क पाचशे वर्षांनंतरचा, तेव्हा मी ही गोष्ट थोडी जपूनच घेतो. पण सांगायचा मोह आवरत नाही.

त्या खाणींपैकी एकीत आज लिंबू-संत्र्यांची बाग आहे. तिथल्या कानाच्या आकाराच्या उंच गुहेला ‘डायोनिसियसचा कान’ हे नाव चित्रकार काराव्हाज्जोनं १६०८ मध्ये दिलं, असं सांगतात.

आणि दगड? इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेनाचं देऊळ सातव्या शतकात चर्च झालं, ८७८ मध्ये अरबांनी शहर जिंकल्यावर मशीद, नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च. १६९३च्या भूकंपात दर्शनी भाग कोसळला, तो नव्यानं बांधला. देवळाचे डोरिक खांब मात्र भिंतीत चिणलेले अजून तसेच आहेत. सिराक्यूजला गेलात तर या चर्चच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, डावीकडच्या गल्लीत वळा. ते बाहेरूनही दिसतात.