डॉक्युमेंटेशन कोणत्या आवृत्तीचं वाचताय?

जुन्या पेपरचा कोड चालवला. एकही एरर नाही, पण आकडे काही जुळेनात! चूक माझीच होती. सायकिट-लर्नच्या रँडम फॉरेस्टमध्ये आपण झाडांची संख्या दिली नाही, तर ०.२१ पर्यंत १० झाडं बनायची, ०.२२ पासून १०० बनतात. पेपर जुन्या आवृत्तीवरचा, मी वाचत होतो नवं डॉक्युमेंटेशन.

म्हणूनच प्रत्येक आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन वेगळं जपतात. पानाच्या पत्त्यात ‘स्टेबल’ असेल, तर नवी रिलीज आली की तिथला मजकूर बदलतो. आवृत्तीचा आकडा असेल, तर तो त्याच आवृत्तीचा.

मग करायचं काय? ‘पिप फ्रीझ’ने सगळ्या आवृत्त्या फाइलमध्ये नोंदवा, थीसिसमध्येही लिहा आणि त्याच आकड्याचं पान उघडा. ‘चेंज्ड इन व्हर्जन’ ही बारीक ओळ मात्र वाचाच.