एका फोटोची उलटतपासणी

जुना अल्बम उघडला की आपण आधी विचारतो, "हे कोण?" फोटोंवरून एखाद्या प्रदेशाचा इतिहास शोधणारे अभ्यासक आणखी काही विचारतात. फोटो कोणी काढला? कधी? आणि कोणाला दाखवायला?

लखनौच्या सिकंदर बागेचा फोटो घ्या. ही बाग नवाब वाजिद अली शाह यांनी बांधून घेतलेली. 16 नोव्हेंबर 1857 रोजी ब्रिटिश फौजेने तिच्यावर हल्ला केला आणि आत अडकलेले सुमारे 2000 बंडवाले मारले गेले. फेलिचे बियातो या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोत पडझड झालेली इमारत आहे, काही माणसं आहेत, एक घोडा आहे आणि समोर पसरलेली हाडं आणि कवट्या. मी पहिल्यांदा तो मोबाइलवर झूम केला आणि लगेच बंद केला.

आता तारखा जुळवून बघा. बियातो कलकत्त्याला उतरले तेच फेब्रुवारी 1858 मध्ये. म्हणजे लढाई होऊन काही महिने लोटल्यावरचा हा फोटो आहे. मग हाडं अशी बरोबर कॅमेऱ्यासमोर कशी?

जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आठवणींत लिहिलंय, की बियातोंनी फोटोसाठी ती उघडी करून घेतली असावीत. उलट 'टाइम्स'चे बातमीदार विल्यम रसेल यांनी 1858 मध्येही तिथे सांगाडे पाहिल्याची नोंद आहे. कोणाचं मानायचं? मला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं. सांगाडे होतेच, पण ते असे मांडलेले नसतील. म्हणूनच अभ्यासक एका प्रतीवर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या अल्बममधल्या प्रती, पत्रं, डायऱ्या शेजारी ठेवून वाचतात.

फोटोखालची ओळही तपासली जाते. तिच्यात मारणाऱ्या पलटणींची नावं आहेत. मेलेल्यांचा फक्त आकडा.

लखनौच्या लोकांनी मात्र त्यांतलं एक नाव जपलंय, उदादेवी. पिंपळावर चढून त्यांनी इंग्रज सैनिक टिपले, असं तिथे सांगतात. आज त्या बागेच्या जागी राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे आणि जवळच्या चौकात उदादेवींचा पुतळा. हातात बंदूक.