कवटीपासून दुधाच्या दातांपर्यंत

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील जैविक मानवशास्त्राचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात इरावती कर्व्यांपासूनच करावी लागते. 1939 मध्ये त्या इथे आल्या. ‘ही कवटी कोणत्या वंशाची?’ हा तेव्हा या शास्त्राचा मुख्य प्रश्न होता आणि त्यातला धोका बाईंनी बर्लिनमध्ये जवळून पाहिला होता. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, हे आपल्या प्रबंधात लिहिले. मोजमाप जे सांगते तेच मांडायचे, समोर गुरू असला तरी. पुण्यातल्या या शास्त्राला याहून चांगली शिदोरी मिळाली नसती.

1940 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि इरावतीबाई गुजरातमधील लांघणजला गेले. तिथे सूक्ष्म दगडी हत्यारांसोबत माणसांचे सांगाडे मिळाले. पुरातत्त्वज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ एकाच खड्ड्याशी उभे राहून काम करू लागले, ते तेव्हापासून.

या कामाला खरे वळण दिले ते इनामगावने. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी 1968 ते 1983 या काळात उत्खनन झाले. इसवी सनपूर्व सुमारे 1600 ते 700 या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. घरांच्या जमिनीखाली 200 हून अधिक दफने सापडली आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात बाळाला निजवायचे, अशी तिथली रीत होती.

तान्ह्या मुलाच्या कवटीवरून वंश ठरवू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ती हाडे कागदासारखी पातळ, मातीच्या दाबाने तडकलेली. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाच यांनी या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. 1986 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतले हे काम चिकाटीचे असते: माती मऊ ब्रशने झाडायची, तुकडे जुळवायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा, जबड्यातले न उगवलेले दातही मोजायचे.

दातच सगळ्यात बोलके ठरले. दाताचे कवच एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही, त्यामुळे ते घडत असताना बाळावर ओढवलेल्या आजाराची किंवा उपासमारीची खूण कायम राहते. इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर असे खळगे आढळले. 1998 च्या लेखात लुकाच आणि वाळिंबे यांनी त्यांची सांगड बदलत्या हवामानाशी आणि उपजीविकेशी घातली. वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे उत्तर जोर्वे काळात, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या होत्या. खापरे आणि घरे जी ओढगस्त सुचवत होती, तिचा ठाव आता मुलांच्या शरीरातही शोधता येऊ लागला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी हाच संग्रह पुन्हा अभ्यासून मुलांची वाढ आणि हवामानबदल यांवर 2011 मध्ये पुस्तक लिहिले.

आता प्राचीन डीएनएचे दिवस आहेत. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी उत्खनन झाले. तिथल्या 61 नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून पुरेसा डीएनए मिळाला आणि 2019 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लगेच सगळीकडे मूळ कोण, बाहेरचे कोण, याचीच चर्चा पेटली. हा प्रश्न गैर नाही. पण इनामगावने शिकवलेला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो: ही माणसे काय खात होती, कशाने आजारी पडत होती, त्यांची मुले का दगावत होती?

तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता आला, कारण कुणीतरी ती हाडे नीट नोंदवून जपली होती. विद्यापीठांनी नवी यंत्रे जरूर घ्यावीत, पण अस्थिसंग्रह सांभाळणारी जाणकार माणसेही नेमावीत. पुढच्या पिढीचे प्रश्न आज आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी पुरावा शाबूत ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.