होकाराची लॉबी, नकाराची लॉबी

‘डिव्हिजन! क्लिअर द लॉबी!’ स्पीकरनं असं पुकारलं की वेस्टमिन्स्टरच्या त्या जुन्या राजवाड्यात घंटा वाजायला लागतात. सभागृहात, व्हरांड्यांत, खासदारांच्या कचेऱ्यांत, कँटीनमध्ये, अगदी रस्त्यापलीकडच्या एकदोन पबमध्येसुद्धा. तिथून पुढे आठ मिनिटं. तेवढ्यात लॉबीत पोचलं तर मत द्यायला मिळतं. नाहीतर ‘लॉक द डोअर्स’ असा हुकूम सुटतो आणि धापा टाकत आलेल्या खासदाराच्या तोंडावर दार बंद होतं. तो मंत्री असला तरी.

आपल्या लोकसभेत खासदार जागेवर बसून बटण दाबतो आणि आकडे फलकावर उमटतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मत चालत जाऊन द्यायचं असतं. स्पीकरच्या उजव्या हाताची लॉबी होकाराची, डाव्या हाताची नकाराची. संसद पाहायला येणाऱ्यांसाठी शनिवारी फेऱ्या असतात, त्यातल्या एका फेरीत मी नकाराच्या लॉबीतून चालत गेले आहे. लांबट, अरुंद दालन, भिंतींना जाडजूड ग्रंथांची कपाटं आणि टोकाला उंच टेबलं. २०२० पर्यंत मतदानाच्या वेळी या टेबलांशी कारकून असायचे. आडनावाच्या अक्षराप्रमाणे रांगा लागायच्या, नाव नोंदलं जायचं. तिथून खासदार पुढच्या अर्धवट उघड्या दारातून बाहेर पडतो. दाराशी दोन मोजणीदार उभे असतात, एक ठरावाच्या बाजूचा आणि एक विरोधातला. एकानं मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. एकमेकांवर भरवसा नसलेल्या माणसांनी मिळून चालवलेली ही साधी, पक्की व्यवस्था मला फार आवडते.

२०१९ मध्ये ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटननं युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याचा वाद पेटला होता, त्या महिन्यांत प्रेक्षक सज्जात बसायला रांग लावावी लागायची. बाहेर निळे युरोपीय झेंडे आणि युनियन जॅक शेजारी शेजारी, दोन्हीकडून घोषणा. आत विमानतळासारखी तपासणी, मग वेस्टमिन्स्टर हॉलचा गारठा, मग जिने आणि शेवटी जाड काच. २००४ पासून सज्जा आणि सभागृह यांच्यामध्ये काच आहे. तिच्यामागून खाली पाहिलं की सगळ्यात आधी जाणवतं ते सभागृहाचं लहानपण. खासदार ६५० आणि बसायला जागा ४२७. मोठ्या मतदानाच्या रात्री लोक पायऱ्यांवर बसतात, दाराशी दाटीनं उभे राहतात. घंटा झाली की दोनतीन मिनिटांत हिरवी बाकं रिकामी होतात. बघणाऱ्याला पुढची दहापंधरा मिनिटं काही दिसत नाही. मग चार मोजणीदार येऊन टेबलासमोर ओळीनं उभे राहतात. जिंकलेल्या बाजूचे उजवीकडे उभे राहतात, त्यामुळे आकडा वाचायच्या आधीच जाणकारांना निकाल कळतो आणि आरडाओरडा सुरू होतो.

१५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा ५८५ पानांचा करार असाच मतदानाला आला. बाजूनं २०२, विरोधात ४३२. कुठल्याही ब्रिटिश सरकारचा सभागृहात इतका मोठा पराभव त्याआधी झाला नव्हता. मे यांच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले होते. मला मात्र २३० च्या फरकापेक्षा त्या लॉबीतल्या गर्दीचं महत्त्व जास्त वाटतं. एकाच अरुंद दालनातून, एकाच मोजणीत ४३२ माणसं गेली. कसलाही करार न करता युरोपियन युनियनमधून बाहेर पडा म्हणणारे त्यात होते आणि बाहेर पडूच नका म्हणणारेही होते. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन आणि कट्टर ब्रेक्झिटवादी जेकब रीस-मॉग त्या रात्री एकाच लॉबीत होते. मोजणीदारापुढे नकार एकच असतो. तो कशासाठी दिला, हे नोंदायला त्याच्या कागदावर जागा नसते.

भांडणाची गाठ आयर्लंडच्या सीमेवर होती. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, आयर्लंड प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथली सीमा नुसती नकाशावर उरली होती. तिथे पुन्हा चौक्या येऊ नयेत म्हणून करारात ‘बॅकस्टॉप’ घातला होता: दुसरी सोय होईपर्यंत सगळं ब्रिटन युरोपच्या जकात व्यवस्थेत राहील आणि उत्तर आयर्लंड काही नियम जास्तीचे पाळील. कट्टर ब्रेक्झिटवाल्यांना यात कायमचं अडकण्याची भीती वाटली. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाला आपण ब्रिटनपासून वेगळे पडू असं वाटलं आणि त्या पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवरच मे यांचं सरकार उभं होतं. मजूर पक्षाला करार युरोपशी पुरेसे जवळचे संबंध ठेवणारा वाटत नव्हता. प्रत्येकाचं कारण खरं होतं, आणि एकाचं समाधान करावं तर दुसरा बिथरायचा.

महाराष्ट्रात व्हिप म्हटलं की डोळ्यांपुढे अपात्रता येते. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच धोक्यात येतं. ब्रिटनमध्ये तसं नाही. ते ११८ जण दुसऱ्या दिवशी त्याच बाकांवर त्याच पक्षाचे खासदार म्हणून बसले, आणि सरकारवर अविश्वास ठराव आला तेव्हा सरकारच्या बाजूनं चालत गेले. सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी वाचलं. कराराला बहुमत नाही, सरकारला आहे. हे स्वातंत्र्य मला मोलाचं वाटतं. कोंडी इतकी लांबली त्याचं एक कारणही तेच.

शरीरानं हजर राहण्याची किंमत काय असते, हे त्याच १५ जानेवारीला जगानं पाहिलं. मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दीक यांचं बाळंतपण अगदी तोंडावर होतं. सिझेरियन दोन दिवस पुढे ढकलून त्या व्हीलचेअरवरून मत द्यायला आल्या. गैरहजेरीची जोडी लावायची, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या एकानंही मत द्यायचं नाही, अशी पद्धत होती. पण सहा महिन्यांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या विरोधी खासदार जो स्विन्सन यांच्याशी लावलेली जोडी सत्ताधारी पक्षाकडून मोडली गेली होती. सिद्दीक यांनी त्या पद्धतीवर विसंबायचं नाकारलं. पुढच्या दोन आठवड्यांत बाळंतपणासाठी दुसऱ्याकरवी मत देण्याची सोय अखेर झाली. त्याला एवढं व्हावं लागलं याची मला आजही चीड येते.

१२ मार्चला करार पुन्हा पडला, १४९ मतांनी. तिसऱ्यांदा तो आणायच्या आधी स्पीकर जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनच्या संकेतावर बोट ठेवलं: तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा पुन्हा विचारता येणार नाही. शेवटी करारातला काही भाग वेगळा काढून २९ मार्चला मत घेतलं गेलं, तेव्हाही २८६ विरुद्ध ३४४. बाहेर पडायची मूळ तारीख तीच होती.

तुम्हाला नक्की हवंय काय, हे खासदारांना विचारलं गेलं ते या सगळ्याच्या मधे, २७ मार्चला. या वेळी छापील कागद होते. लॉबीतून चालत जायचं ते प्रत्येक पर्यायापुढे हो किंवा नाही अशी खूण केलेला कागद कारकुनाच्या हाती द्यायला. आठ पर्याय होते आणि आठही पडले. १ एप्रिलला त्यातल्या चारांवर पुन्हा मत झालं. मे यांच्याच पक्षाचे केन क्लार्क यांचा युरोपशी कस्टम्स युनियनचा, म्हणजे सामाईक जकातीचा, प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे फक्त तीन मतांनी पडला. नव्यानं सार्वमत घ्यायचा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२. सार्वमत मागणाऱ्यांपैकी अनेकांनी कस्टम्स युनियनला हात लावला नाही, आणि मधला मार्ग मागणाऱ्यांपैकी अनेकांनी सार्वमताला. आपली पहिली पसंती अजून जिवंत आहे अशी अनेकांना आशा होती, म्हणून दुसऱ्या पसंतीवर त्यांनी खूण केली नाही. मे यांच्याच पक्षाचे निक बोल्स यांनी निकालानंतर तिथल्या तिथे उभं राहून पक्ष सोडल्याचं जाहीर केलं आणि ते सभागृहातून निघून गेले.

कागद बदलला तरी प्रश्न हो की नाही, असाच राहिला. पर्यायांना क्रम लावायला सांगितलं असतं तर तीन मतांचं अंतर भरून निघालं असतं, असं माझं ठाम मत आहे. हा धडा सभागृहाला नवा नव्हता. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सुधारणेवर अशाच हो-नाहीच्या पद्धतीनं सात पर्याय ठेवले होते. सातही पडले, त्यातला एक तीन मतांनीच. आणि विचारायचंच होतं तर ते मार्च २०१७ मध्ये, बाहेर पडायची नोटीस ब्रसेल्सला जाण्याआधी विचारायला हवं होतं. तेव्हा दोन वर्षं हाताशी होती.

१ एप्रिलच्या मतदानानंतर त्याच आठवड्यात, ३ एप्रिलला, एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० अशी बरोबरी झाली. असं १९९३ नंतर पहिल्यांदा घडत होतं. बर्को यांनी प्रथेप्रमाणे आपलं मत नकाराला दिलं. त्याच रात्री करारावाचून बाहेर पडणं टाळण्यासाठीचं विधेयक ३१३ विरुद्ध ३१२ असं, एका मतानं, पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी छतातून पाणी गळायला लागलं आणि बैठक थांबवावी लागली.

मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. सप्टेंबरमध्ये सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून २१ खासदारांना पक्षानं बाजूला काढलं, त्यात केन क्लार्क होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. २२ ऑक्टोबरला जॉन्सन यांच्या कराराचं विधेयक ३२९ विरुद्ध २९९ मतांनी दुसरं वाचन पार करून गेलं. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर एखाद्या कराराला मिळालेला हा पहिला होकार. त्यावर तीन दिवसांत चर्चा उरकण्याचं वेळापत्रक मात्र लगेचच्या मतदानात ३०८ विरुद्ध ३२२ असं फेटाळलं गेलं.

१२ डिसेंबरला निवडणूक झाली आणि जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या. २० डिसेंबरला कराराचं विधेयक नव्या सभागृहापुढे आलं. तीच घंटा, तीच आठ मिनिटं. या वेळी ३५८ विरुद्ध २३४. मधला मार्ग शोधायला ज्यांनी रात्री जागवल्या होत्या, ते क्लार्क, ऑलिव्हर लेटविन आणि बोल्स निवडणुकीला उभेच राहिले नव्हते. पक्षानं काढलेल्या त्या २१ जणांपैकी डॉमिनिक ग्रीव्ह आणि डेव्हिड गॉक अपक्ष म्हणून उभे राहिले आणि हरले.