यादीत नसलेला संगणक

दिंडोशीत संगणकावर पोट असलेली घरं भरपूर आहेत. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावर इन्फिनिटी आयटी पार्क आहे, महामार्गाने थोडं खाली आलं की गोरेगावचं निर्लॉन नॉलेज पार्क, आणि त्याहून पुढे अंधेरीत १९७३पासूनचं सीप्झ. इथे नोकरी करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या मुलामुलींना आज एक विद्या यावीच लागते : एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याची. पण ती शिकायची कशावर? कंपनीतल्या सर्व्हरला नवख्याला हात लावू देत नाहीत. तसा सर्व्हर घरी आणावा, तर त्याची किंमत, पंख्यांचा आवाज आणि विजेचं बिल यांतलं काहीच वन-बीएचकेला पेलत नाही. हाताशी असतो तो घरातला जुना डेस्कटॉप, नाहीतर पुस्तकाएवढा मिनी पीसी. आणि नेमकी हीच यंत्रं हायपरव्हायजर बनवणाऱ्यांच्या मान्यताप्राप्त यादीत नसतात.

माझं म्हणणं असं, की या यादीला घाबरून मागे फिरू नये. यादीत नाव नाही याचा अर्थ कंपनीने ते यंत्र तपासलेलं नाही आणि त्याची हमी घेतलेली नाही, एवढाच. ते का अडतं हे शोधत गेलं, तर संगणकाची जितकी ओळख होते तितकी तयार सर्व्हरवर होत नाही.

हायपरव्हायजर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये बसणारा व्यवस्थापक. एकाच इमारतीत अनेक बिऱ्हाडं नांदावीत तशी एका यंत्रावर तो अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’ नांदवतो. प्रत्येकीला वाटतं, प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं आपलंच. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात १९६७मध्ये सीपी-४० ही प्रणाली असं काम करत होती. १९७४मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी त्यासाठी प्रोसेसरने कोणत्या अटी पाळाव्यात, ते मांडलं. आपल्या घरातले एक्स८६ प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने चतुर सॉफ्टवेअरच्या बळावर ती अडचण ओलांडली आणि २००१मध्ये ईएसएक्स हे सर्व्हरसाठीचं उत्पादन आणलं. २००५च्या अखेरीस इंटेलने ही सोय थेट प्रोसेसरमध्ये दिली. त्यानंतर हळूहळू साध्या संगणकातही ही क्षमता आली. अनेकदा ती बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते, म्हणून पहिलं काम ती चालू करण्याचं.

खरी अडवणूक पुढे होते, आणि बहुतेक वेळा ती नेटवर्क कार्डापाशी. ईएसएक्सची पुढची आवृत्ती असलेल्या ईएसएक्सआयची स्थापना सुरू केली, की थोड्याच वेळात ‘नेटवर्क अडॅप्टर सापडला नाही’ असा संदेश येतो आणि काम तिथेच थांबतं. कार्ड तर मदरबोर्डवर समोर दिसत असतं! कारण असं, की प्रत्येक उपकरणाला निर्मात्याचा आणि मॉडेलचा असे दोन क्रमांक असतात. इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६ आहे. १९७८च्या त्याच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच तो आकडा. ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांचा तक्ता असतो. त्यात आपला क्रमांक नसेल, तर कार्ड कितीही चांगलं असो, त्याला कोणी ओळख देत नाही. घरगुती मदरबोर्डवर बहुधा रिअलटेकची स्वस्त चिप असते, आणि सर्व्हरच्या जगात तिला फारसं स्थान नव्हतं.

यातून वाट काढली ती हौशी लोकांनी. कधी त्यांनी ड्रायव्हरच्या तक्त्यात नवे क्रमांक घातले, कधी लिनक्सचा ड्रायव्हर ईएसएक्सआयसाठी बांधून घेतला. जर्मनीच्या आंद्रेआस पेट्झ यांनी असे ड्रायव्हर स्थापनेच्या प्रतीतच मिसळून देणारं ‘ईएसएक्सआय कस्टमायझर’ हे साधन लिहिलं. डिस्कच्या साटा कंट्रोलरची अडचणही अशाच एका छोट्या पॅकेजने सुटली : ड्रायव्हर आधीपासून तिथे होता, त्याला फक्त जादा क्रमांक शिकवायचे होते. अशी पॅकेजं ‘कम्युनिटी सपोर्टेड’ या सर्वांत खालच्या पातळीवर मोजली जातात. ती घ्यायची तर यंत्राची स्वीकृती पातळी उतरवावी लागते आणि सिक्युअर बूट बंद करावं लागतं. ही किंमत ओळखूनच पाऊल टाकावं.

२०२०मध्ये ही वाट बरीच अरुंद झाली. ईएसएक्सआय ७.० आलं आणि लिनक्सच्या ड्रायव्हरना आसरा देणारा जुना थर व्हीएमवेअरने काढून टाकला. रिअलटेकचे हौशी ड्रायव्हर एका आवृत्तीत निरुपयोगी झाले. मात्र व्हीएमवेअरमध्येच काम करणारे विल्यम लॅम यांच्यासारखे अभियंते घरगुती प्रयोगशाळांच्या बाजूने उभे राहिले. यूएसबी नेटवर्क अडॅप्टरसाठी आणि इंटेलच्या घरगुती नेटवर्क चिपांसाठी प्रायोगिक ड्रायव्हर उपलब्ध झाले. तरीही मी शिकणाऱ्यांना आधी सोपा उपाय सांगतो : लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाऊन इंटेल आय३५० जातीचं सर्व्हरमधून निघालेलं जुनं कार्ड शोधा. रिकाम्या स्लॉटमध्ये ते बसवलं की निम्मी लढाई संपते.

पुढचा पेच प्रोसेसरचा. २०२१च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीत दोन जातींचे गाभे एकत्र आले : काही जोरकस, काही वीज वाचवणारे. ईएसएक्सआय सगळे गाभे सारखेच असतील असं धरून चालतं. फरक दिसताच ते जांभळा पडदा दाखवून थांबतं. उपाय दोन : बायोसमधून छोटे गाभे बंद करायचे, किंवा सुरू होताना एक पर्याय देऊन ही एकसारखेपणाची तपासणी सौम्य करायची. दुसऱ्या उपायात सगळे गाभे वापरात राहतात, पण कोणतं काम कोणत्या गाभ्यावर जाईल याची खात्री राहत नाही.

यावर विचारण्याजोगा प्रश्न असा, की यंत्राशी झुंजण्यापेक्षा हायपरव्हायजरच बदलला तर? केव्हीएम हा हायपरव्हायजर २००७पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे. त्यावर उभारलेलं व्हिएन्नाचं प्रॉक्समॉक्स २००८मध्ये आलं. लिनक्सला जे कार्ड ओळखता येतं ते प्रॉक्समॉक्सलाही येतं, रिअलटेकसुद्धा. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४मध्ये फुकट ईएसएक्सआय बंद झालं आणि एप्रिल २०२५मध्ये परत आलं. या उलथापालथीत अनेकांनी प्रॉक्समॉक्सची वाट धरली. माझा सल्ला असा : घरात कायम चालणाऱ्या कामांसाठी प्रॉक्समॉक्स घ्या, नोकरीच्या ठिकाणी ईएसएक्सआय असेल, तर ते प्रॉक्समॉक्सच्या आतच व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवून शिका. वेग कमी मिळेल, पण हार्डवेअरची अडवणूक टळेल.

आता दिंडोशीतल्या घराचा हिशेब. सतत ४० वॉट खाणारा मिनी पीसी ३० दिवसांत सुमारे २९ युनिट जाळतो. १५० वॉटचा जुना रॅक सर्व्हर १०८. हा फरक दर महिन्याच्या बिलात दिसतो. आपल्याकडे बांधकामांची धूळ वर्षभर आणि पावसाळी दमटपणा चार महिने. म्हणून यंत्र बंद कपाटात कोंडू नये आणि पंख्याची जाळी वरचेवर साफ करावी. घरगुती एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर बहुधा नसतात, त्यामुळे छोटा यूपीएस घ्यावाच. घरगुती मेमरीत चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी सोयही सहसा नसते. महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि आणखी एक घराबाहेर हवी.

आणि एक मर्यादा पाळावी. दवाखान्याच्या नोंदी, दुकानाचे हिशेब, सोसायटीचा कारभार अशा यंत्रावर ठेवू नये. तिथे बिघाड झाला तर भुर्दंड दुसऱ्याला बसतो, आणि हमी देणारं कोणी नसतं. तिथे मान्यताप्राप्त सर्व्हरच हवा. यादी त्याच कामासाठी असते.

शिकण्यासाठी मात्र हे यंत्र उत्तम आहे. संदेश नीट वाचायचा, उपकरणाचा क्रमांक शोधायचा, ड्रायव्हर ताडून पाहायचा, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत नोंदवायचा, ही शिस्त इथे अंगी बाणते. मुलाखतीत प्रमाणपत्र दाखवता येतं; रात्री दोनला कंपनीचा सर्व्हर अडला, की हीच शिस्त कामी येते. घरातला जुना डेस्कटॉप या दिवाळीत भंगारात देण्याआधी शेजारच्या एखाद्या होतकरू मुलीला किंवा मुलाला विचारा. पुढचं वर्षभर पुरेल एवढी प्रयोगशाळा त्यात आहे.