ऑपरेशनची तारीख लांबली, तर फेलोशिपचं काय?



नेट-सेट-पेटची तयारी करताना आपण सगळे फेलोशिपचा आकडा पाठ करतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये, एसआरएफला ४२,०००. पण आजारी पडलो तर यातलं किती मिळत राहतं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला ते विचारावं लागलं. निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत नऊ आठवडे गेले, मधे तारीख दोनदा पुढे गेली. त्या काळात जे नियम वाचले आणि जो हिशोब केला, तो आज सांगते.

पगार आणि फेलोशिप

आधी नोकरदारांचं बघू. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला दर वर्षी २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि ती साठत जाते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं की तीच रजा पूर्ण पगारी करून घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. कारखान्यात किंवा खासगी आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू असतो. त्यात आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधीच्या सहामाही वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणजे १८,००० पगार असेल तर साधारण १२,६०० हातात येतात. कमी आहेत, पण येतात.

फेलोशिप हा पगार नाही. त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही, साठवलेली रजाही नाही. यूजीसीच्या फेलोला वर्षाला ३० दिवस रजा मिळते. प्रकल्पातल्या जेआरएफला डीएसटीच्या नियमांनुसार फक्त किरकोळ रजा. बार्टी, सारथी, महाज्योती यांचे नियम आपापले. त्यापुढची रजा म्हणजे सहसा विनाफेलोशिप रजा. थोडक्यात, नोकरदाराचं उत्पन्न पायरीपायरीने उतरतं, आपलं मात्र ठरावीक दिवसांनंतर एकदम शून्य होतं.

दोन काळ वेगळे मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. ऑपरेशनची वाट बघण्याचा काळ वेगळा आणि ऑपरेशननंतर बरं होण्याचा काळ वेगळा. आपण दोन्हींना मिळून ‘आजारपण’ म्हणतो आणि निदान झालं की लगेच रजेचा अर्ज देतो. इथेच पैसे जातात.

माझं उदाहरण घ्या. वाट बघण्याचे नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस, नंतरची विश्रांती सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. एकूण १०५ दिवस. सगळेच रजेवर काढले असते तर ३० दिवस वजा जाता ७५ दिवस विनाफेलोशिप. ३७,००० ला ३० ने भागून ७५ ने गुणलं की ९२,५०० रुपये होतात. तेच वाट बघण्याच्या काळात बसून काम सुरू ठेवलं आणि रजा फक्त ऑपरेशननंतर घेतली, तर विनाफेलोशिप दिवस उरतात १२, म्हणजे १४,८०० रुपये. हिशोब ढोबळ आहे, पण फरक बघा.

यासाठी डॉक्टरांकडून नेमकं प्रमाणपत्र घ्यायचं. नुसतं ‘विश्रांतीची गरज’ असं लिहून आणू नका. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे त्यात यायला हवं. माझ्या प्रमाणपत्रावर ‘जिने चढणे व दीर्घकाळ उभे राहणे टाळावे, बैठे काम करण्यास हरकत नाही’ असं होतं. त्या आधारावर गाईड मॅडमनी मला प्रयोगाऐवजी आकडेवारीचं विश्लेषण आणि रिव्ह्यू पेपरचं काम दिलं, तेही लेखी. महिन्याचं कन्फर्मेशन गाईड आणि विद्यापीठाकडून जातं, त्यामुळे त्यांना अडचणीत आणेल असं काही करू नका. मित्राने मस्टरवर आपली सही ठोकणे हा उपाय नव्हे. आणि डॉक्टरांनी खरोखर पूर्ण विश्रांती सांगितली असेल, तर विश्रांतीच घ्या.

विनाफेलोशिप रजा घ्यावीच लागली, तर तो काळ फेलोशिपच्या मुदतीत धरला जातो का, हे विभागाला अर्ज देऊन लेखी विचारा.

विमा आहे, मग चिंता कशाला?

विमा हॉस्पिटलचं बिल भरतो, खोलीचं भाडं आणि मेसचं बिल भरत नाही. शिवाय तारीख लांबली की विम्यातही एक गंमत होते. बऱ्याच पॉलिसींमध्ये भरती होण्याआधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च मिळतो, काहींमध्ये ६०. माझा एमआरआय ऑपरेशनच्या नऊ आठवडे आधीचा, म्हणजे दोन्ही मुदतींच्या बाहेर. तारीख पुढे गेली की आधी आत असलेलं बिल असं बाहेर पडतं, म्हणून पॉलिसीतला हा आकडा आधीच वाचा.

दुसरं, विमा आजार कळल्यावर काढून उपयोग नसतो. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस दावा चालत नाही, हर्निया, मोतीबिंदूसारख्या ठरावीक ऑपरेशन्सना अनेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ऑपरेशन योजनेच्या यादीत आणि हॉस्पिटल योजनेत असायला हवं. अशा हॉस्पिटलमध्ये ‘आरोग्यमित्र’ असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, भरती होण्याच्या आधी.

वाट बघतानाचं बजेट

मी वहीत तीन रकाने केले होते. पहिल्यात न टळणारा खर्च: हॉस्टेल, मेस, घरी पाठवायचे पैसे, हप्ता. दुसऱ्यात आजारपणाचा नवा खर्च: फिजिओथेरपी, औषधं, रिक्षा. आठवड्याला दोन वेळा ४०० रुपयांची फिजिओथेरपी म्हणजे नऊ आठवड्यांत ७,२०० रुपये. छोटे वाटणारे खर्च असे साठतात. तिसऱ्यात पुढे ढकलता येणारा खर्च: परिषदेची फी, नवा लॅपटॉप. तारीख पुढे गेली की दुसरा रकाना पुन्हा मांडायचा आणि तेवढे पैसे तिसऱ्यातून काढायचे.

हप्ता थकणार असं दिसलं तर थकायच्या आधीच बँकेत जाऊन बोला. आपल्याकडे सॅलरी स्लिप नसते, त्यामुळे ऐनवेळी नवं कर्ज मिळणं अवघड. आणि घरी सांगा. ‘दोन महिने कमी पाठवीन’ हे वाक्य जड जातं, पण आधी सांगितलं तर घरचेही त्यांचं गणित बसवतात.

तुम्ही अजून प्रवेशाच्या टप्प्यावर असाल, तर फेलोशिपच्या नियमावलीतलं रजेचं पान आजच वाचून ठेवा. रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला टाकायचा प्रयत्न करा, आणि तब्येत ठणठणीत आहे तोवरच विमा काढा.