एक बादली पाणी, एक शर्ट

सकाळची एसटी नांदेडहून निघते आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचते. बारा वर्षं मी याच रस्त्यावर एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. संध्याकाळी घरी परतता येतं ते एक्स-स्टेशन, मुक्काम पडतो ते आउटस्टेशन; भत्ता त्यावरच ठरतो.

डॉक्टर दोन मिनिटं देतात. त्यासाठी दोन तास बाकड्यावर. ‘लिहितो’ म्हणाले तरी खरं काय ते शेजारच्या मेडिकलवर कळतं. ‘शेठ, आपली गोळी जाते का?’ शेठ न बोलता खण उघडतात. मागच्या महिन्याची पट्टी तशीच दिसली की पोटात खड्डा पडतो.

2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लॉजवर माणशी एकच बादली मिळायची. निम्म्यात अंघोळ, निम्म्यात उद्याचा शर्ट.

आमच्यासाठी 1976 साली स्वतंत्र कायदा झाला: नेमणूकपत्र, रजा, सगळं त्यात होतं. तरी माझ्या पहिल्या कंपनीनं टार्गेट हुकलं म्हणून तीन महिन्यांचा प्रवासभत्ता अडवला. तो अजून मिळालेला नाही, आणि मी तो सोडलेलाही नाही.

उद्या उदगीर. शर्ट दोरीवर वाळतोय.